काजळीचा काळा

जाऊबाईंनी सहावं काळं कापड टांगलं, कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"हेही गुलाबी! मेलं डोळ्यांना कोळसा, आणि यात बघावं तर गुलाल!"

जाऊबाई झाडांचे इन्फ्रारेड फोटो काढतात. त्यात हिरवं पान दुधासारखं पांढरं येतं, आणि रंगवून काळं केलेलं कापड फिकट गुलाबी. मागे खरा काळोख असेल तरच ते उठून दिसतं. अकराला प्रकाशकबाई नमुना बघायला येणार होत्या. पसंत पडला तर चाळीस फोटोंचं पुस्तक जाऊबाईंचं, नाहीतर दुसऱ्या कोणाचं. इकडे पहाटे कापलेल्या नेच्याची पानं कडेने वळायला लागली होती.

मखमल झाली, सुती झालं, भाऊजींच्या कोटाचं अस्तरही झालं. सातवं धरून मी उभी राहिले, तर माझ्याकडे वळवलेल्या पडद्यावर माझा काळा अ‍ॅप्रनही फिकट दिसला. काळा राहिला तो फक्त सकाळी समई पुसताना लागलेला काजळीचा डाग.

"जाऊबाई, हा डाग बघा ना."

"धाकटे, डाग नंतर धू. नीट धर."

आवाज चढवायचा नाही, हा माझा रोजचा नेम; मोडला तर त्या संध्याकाळी उपास. बाकीचे नेम सांभाळते मी. हा एकच रोज परीक्षा बघतो.

"धुवायचा नाहीये, तो काळाच..."

"शाई ओतून बघू का?" भाऊजींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ओतलीसुद्धा. फरशी काळी झाली. पडद्यावर मात्र कापड गुलाबीच.

"अहो, तुम्हाला कोणी सांगितलं होतं!"

"काजळी लावून बघू या का?" मी तिसऱ्यांदा म्हटलं. दोघं शाईवरून भांडत होती. नेच्याचं एक पान गळून पडलं.

"जाऊबाई! पुरे झाली ती कापडं!"

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. माझ्याच आवाजाने मी दचकले. नेम मोडला, संध्याकाळचं जेवण गेलं.

समईची खरवडलेली काजळी फेकवत नाही म्हणून मी डब्यात साठवते. ती खळीत कालवली, पुठ्ठ्यावर दोन हात दिले, केस वाळवायच्या यंत्राने वाळवलं. पडद्यावर विहिरीसारखा काळोख, आणि त्यात पांढराशुभ्र नेचा.

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "माहीत होतं तर आधी का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगितलं."

"मग मोठ्याने सांगायचं ना!"

मी काजळीच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. उत्तर द्यायचं तर आवाज पुन्हा चढला असता.

अकराला प्रकाशकबाई आल्या, फोटो बराच वेळ न्याहाळला, आणि म्हणाल्या, "पुस्तक तुम्हीच करा. पण हे कापड कुठल्या दुकानातलं?"

"कापड नाही हो, समईची काजळी आहे," मी म्हटलं.

भाऊजी मध्येच दुकानांची नावं सांगायला लागले. जाऊबाईंनी हात वर केला.

"गप्प बसा जरा. धाकटी बोलतेय."