दोघांचा मासा मोजत नाहीत

माझ्या नवऱ्याच्या पायाला भिंगरी आहे. चर्चमध्ये व्हर्लिन शेवटच्या बाकावर कडेला बसतो, म्हणजे पाद्रीबाबांचं ‘आमेन’ संपायच्या आत गाडीशी पोहोचता येतं. जेवतो ते उभ्याने, टीव्ही बघतो तोही उभ्याने. असला माणूस मासे धरायला कसा जातो गं, असं माझ्या मावशीने आमच्या लग्नात विचारलं होतं. मावशी डोंगराकडची. तिकडे लोक झऱ्याकाठी गळ टाकून डुलक्या काढतात.

आमच्या रेड नदीतल्या मोठ्या मिशाळ माशापुढे डुलक्या चालत नाहीत. पाण्यात आडवं पडलेलं झाड शोधायचं, त्याच्या वरच्या अंगाला नांगर टाकायचा, आमिष झाडापर्यंत वाहू द्यायचं आणि पाव तास बघायचं. मासा असेल तर तेवढ्यात लागतो. नाही लागला तर उचल नांगर, गाठ पुढचं झाड. दिवसभर हेच. व्हर्लिनसाठी देवाने हा उद्योग मुद्दाम काढून ठेवला होता.

पण नांगर उचलणंच आता बंद झालं होतं. जानेवारीत दारासमोरचा बर्फ उपसताना तो फावड्यासकट आडवा झाला. मी खिडकीतून पाहिलं आणि पायात नुसते मोजे घालून बाहेर धावले. फार्गोच्या डॉक्टरणीने त्याच्या हृदयात दोन नळ्या बसवल्या आणि बजावलं, की जड ओढायचं नाही, जड उचलायचं नाही. व्हर्लिनने मुंडी हलवली. ती खोलीबाहेर गेल्यावर मला म्हणाला, “बाई चांगली आहे. माशाबद्दल काही बोलली नाही बघ.”

“मासा काय हलका असतो का रे?”

“मासा आपण उचलत नाही, आर्लिस. तो आपला आपण येतो.”

आता सांगा, अशा माणसाशी काय बोलायचं?

तरी मी बोलले. सगळा फेब्रुवारी बोलले, सगळा मार्च बोलले. होडी विकून टाक म्हटलं. गेलनची तिच्यावर कधीची नजर आहे. हा गेलन आमचा शेजारी, बिटाचा शेतकरी, आणि नदीवर याचा कायमचा जोडीदार. पण व्हर्लिन एकच पालुपद लावून बसला होता. निवृत्तीच्या जेवणात त्याने सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की चाळीस इंची मासा मिळाला की होडी विकेन आणि आर्लिसला समुद्र दाखवेन. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत चाळीस. एकोणचाळीस त्याला तीनदा मिळाला होता. चाळीस कधीच नाही. “दिला शब्द म्हणजे दिला,” तो म्हणायचा. “चाळीस मिळू दे, त्याच दिवशी विकतो.”

नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेला आणि घरात त्याने मला जगू दिलं नाही. सारखा खिडकीशी जायचा, गॅरेजमध्ये जायचा, परत खिडकीशी यायचा. मे महिन्याच्या सुरुवातीला ऊन पडलं, त्याच दिवशी गेलनची बिटाची पेरणी सुरू झाली. तो येऊ शकत नव्हता. व्हर्लिन स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

“नांगर मी उचलीन,” मी म्हणाले. “तू हात लावलास तर तुला पाण्यात ढकलून घरी येईन.”

मी तीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर चालवलं आहे. चारशे पोरांच्या बटाट्यांची पातेली उचलली आहेत. नांगराची मला काय भीती? मी अंड्याचे सँडविच बांधले, थर्मास भरला, त्याच्या गोळ्या माझ्या खिशात टाकल्या आणि निघाले.

नदी गढूळ होती आणि ओढीला जोर होता. डावीकडच्या काठाला आमचा डकोटा, उजवीकडच्या काठाला शेजारचं राज्य मिनेसोटा, दोन्हीकडे ट्रॅक्टरची धूळ उडत होती. पाण्यावरून ओंडके येत होते आणि व्हर्लिन मला मोटार कशी धरायची ते शिकवत होता. म्हणजे ओरडत होता. मीही ओरडत होते. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? जानेवारीपासून घरात आम्ही भांडायचो तेही दबक्या आवाजात.

पहिल्या झाडाशी नांगर टाकल्यावर त्याने कापलेल्या माशाचे तुकडे गळांना लावले. थोडे वास मारणारे. वसंतात मिशाळाला तेच आवडतं. हिवाळ्यात मेलेले मासे बर्फाखालून मोकळे होतात आणि हा उपाशी गडी तेच खात सुटतो. चार काठ्या मागच्या कडेला खोबणीत उभ्या राहिल्या. मग त्याने मला नेम सांगितला. पस्तीस वर्षांच्या संसारात मी हा नेम रोज ऐकला होता, तरी त्याने पाद्र्याच्या गांभीर्याने परत सांगितला.

“पाळीने घ्यायचं. मासा कुठल्याही काठीला लागो, पाळी ज्याची त्याने उठायचं. पिल्लू लागलं तरी पाळी संपली. दुसऱ्याने जाळी धरायची, बास. काठीला हात लावायचा नाही.”

“आणि लावला तर?”

“तर तो मासा कुणाचाच नाही. दोघांचा मासा मोजत नाहीत.”

“मग तुझा जीव गेला तरी मी बघत बसू?”

“जीव गेला तर काठी घे,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मला मुळीच हसू आलं नाही.

पहिली पाळी त्याची. दुसऱ्या झाडाशी काठी वाकली आणि त्याने एक बऱ्यापैकी मासा आणला, तेहतीस इंची. मी जाळी धरली होती, पण डोळे माशावर नव्हते. त्याचे ओठ बघत होते, श्वास बघत होते. ठीक होता. मासा सोडताना त्याने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, “जा, थोरल्या भावाला पाठव.”

मग माझी पाळी. तीन झाडं काहीच नाही. मी नांगर उचलत होते, टाकत होते, माझे हात भरून आले, आणि हा घड्याळ बघून “झाला पाव तास!” म्हणायला तयारच. “अरे, दम तर खाऊ दे!” म्हटलं, तर म्हणतो, “मासा दम खात नाही.” गेलन याला इतकी वर्षं कसा सोसतो देव जाणे. चौथ्या झाडाशी माझ्या पाळीला वीतभर पिल्लू लागलं. मी ते आनंदाने ओढलं. मला चाळीस इंची नको होता. माझ्या हाती चाळीस लागला असता तर याचा शब्द लटकलेलाच राहिला असता.

आणि मग ते माझ्या ध्यानात आलं. आता पाळी त्याची. मोठा मासा लागला तर होडी विकली जाईल आणि माझा घोर मिटेल. पण मोठा मासा लागला तर त्याला ओढावा लागेल, आणि त्या दोन नळ्या! मी नदीच्या मधोमध बसून मनात देवाला म्हणत होते, मोठा लागू दे. लगेच म्हणत होते, नको, नको लागू देऊस. देवाने काय समजायचं? हातातलं सँडविच मी परत कागदात गुंडाळलं.

“काय झालं?” व्हर्लिनने विचारलं.

“काही नाही. अंड्यात मीठ कमी आहे.”

“मीठ बरोबर आहे.”

“तुला काय कळतंय? गप खा.”

वळणापाशी काठावरचं एक भलं मोठं झाड मुळासकट पाण्यात आलं होतं. व्हर्लिनने नुसतं बोट दाखवलं. मी नांगर टाकला. आमिष खाली गेलं, आणि त्याने खोबणीतून हात काढायच्या आतच काठी नुसती वाकली नाही, तिचा शेंडा पाण्यात गेला.

तो उठला. मी कधी त्याला असा उठताना पाहिलं नव्हतं. पोटाशी काठी लावली, पाय रोवले आणि ओढायला लागला. माशाला झाडात शिरायचं होतं. एकदा शिरला की दोरी फांद्यांत गुंतणार आणि संपलं. म्हणून सुरुवातीलाच सगळा जोर लावावा लागतो. त्याने लावला. दोरी कर्कर वाजत होती. मासा हातभर आला आणि दोन हात गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला.

“व्हर्लिन, हळू.”

“गप.”

“अरे, तुझं तोंड बघ!”

“माझं तोंड मला कसं दिसेल? जाळी धर!”

मासा झाडापासून सुटून मोकळ्या पाण्यात आला आणि वर येऊन उलटला. आई शपथ, तेव्हा मी तो पाहिला. डोकं केवढं होतं! शाळेतल्या मोठ्या पातेल्याच्या झाकणाएवढं. मिशा माझ्या करंगळीएवढ्या जाड. व्हर्लिनच्या तोंडून नुसता ‘हं’ असा आवाज आला. त्यालाही कळलं होतं. निम्मं काम झालं होतं आणि अवघड निम्मं तर संपलंच होतं.

“ओढ!” मी ओरडले. मीच ओरडले, ऐका! “ओढ रे, आला तो! हाच तो!”

त्याने काठीवरचं दोरीचं चाक दोनदा फिरवलं. मग थांबला. मला वाटलं, मासा दमवतोय. पण मासा थांबला होता, वाहत्या पाण्यात आडवा पडून होता. व्हर्लिनचे हात थांबले होते. त्याच्या ओठांचा रंग राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घाम होता, थंड वाऱ्यात. तो हळूच बाकावर टेकला. काठी त्याने माझ्याकडे केली.

“आर्लिस,” तो म्हणाला. “माझ्याने नाही होत गं.”

मी हात मागे घेतले. इंगळी डसावी तसे मागे घेतले. “नाही, नाही. मी नाही धरणार. तुझी पाळी आहे. थोडा दम खा, मग ओढ. मासा कुठे जातोय?”

“धर.”

“चाळीसच्या वर आहे तो, व्हर्लिन! तुझे डोळे फुटले का?”

“दिसतंय मला. धर.”

मी धरली. दुसरं काय करणार होते? मासा दमलेला होता, त्याला आणायला काही लागलं नाही. एका हाताने काठी, एका हाताने जाळी, आणि पातेली उचलण्याच्या सवयीने तो होडीत. आधी खिशातून गोळी काढली, ती त्याच्या जिभेखाली ठेवली, आणि त्याचा हात धरून बसले. होडीच्या तळाशी मासा तोंड उघडत होता, मिटत होता. हळूहळू व्हर्लिनच्या ओठांना रंग आला.

“दुखतंय का छातीत?”

“नाही. नुसता जोर गेला.”

“खरं सांग.”

“खरंच सांगतोय. तो सुकतोय बघ. सोड त्याला.”

“आधी मोजते.” मोजायची पट्टी बाकाखाली होती. मी ती ओढून काढली.

“ठेव ती.”

“कोण बघतंय इथे? गेलन आहे का? डकोटा बघतोय का मिनेसोटा बघतोय? मी कुणाला सांगणार नाही की मी हात लावला.”

“मला माहीत आहे ना,” तो म्हणाला. चिडून नाही, अगदी साधं. मी पट्टी परत बाकाखाली सारली. मी मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, तोंड ओढीकडे करून, त्याच्या अंगात जीव येईपर्यंत. मग त्याने शेपटीचा एक फटका दिला, मला तोंडापासून मांडीपर्यंत भिजवलं आणि गढूळ पाण्यात दिसेनासा झाला.

व्हर्लिन पाण्याकडे बघत होता. पाव तास झाला असेल, जास्तच झाला असेल. त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.

“गेलनला सांग,” तो म्हणाला, “होडी घेऊन जा म्हणावं.”

किती महिने मी हे एक वाक्य ऐकायला कान लावून बसले होते! मी केकबिक करीन असं ठरवलं होतं. आणि आता मी बोलले ते किंचाळूनच.

“मुळीच नाही!”

तो चकित झाला. “तूच म्हणत होतीस ना, विक म्हणून?”

“तू ऐकत नव्हतास म्हणून म्हणत होते!”

हे मी बोलले आणि मलाच हुंदका फुटला. तोवर मला कळलंच नव्हतं. हा माझ्याशी भांडत होता, डॉक्टरणीला बनवत होता, उभ्याने जेवत होता, तोवर मी मनात म्हणत होते की याच्यात अजून पुष्कळ बाकी आहे. भांडायला जोर लागतो. मी रोज भांडण उकरून त्याचा जोर चाचपून बघत होते. आणि आता हा शहाण्यासारखा बाकावर बसला होता, मांडीवर हात ठेवून, आणि माझं ऐकायला तयार होता.

मी नांगर उचलला. मोटार सुरू केली. “कुठे जाऊ?” विचारलं.

“तू म्हणशील तिथे.”

मी होडी गावाकडे वळवली. तिथून सरळ दवाखान्यात न्यायचं ठरवलं होतं, त्याला सांगितलं नाही. सगळ्या वाटेने मी त्याला बोलत सुटले. म्हटलं, तुला गाठ बांधता येत नाही. तुझं आमिष शिळं नाही, सडकं होतं. गेलन तुझ्याहून दसपट चांगला मासे धरतो, सगळं गाव म्हणतं. तुझ्या आईचं बरोबर होतं, तू जन्मजात धांदरट आहेस. एक तरी शब्द उलटून बोलेल म्हणून मी एकेका वाक्यानंतर थांबत होते, मोटारीचा आवाज कमी करून ऐकत होते.

“खरंय तुझं,” व्हर्लिन म्हणत होता. “खरंय.”