खांद्यापर्यंत बोललेल्या बायका

मावशीचं पार्लर दोन खुर्च्यांचं. एकीवर गिऱ्हाईक बसायचं आणि दुसरीवर पुढचं गिऱ्हाईक बसून पहिलीच्या भानगडी ऐकायचं. साऱ्या गल्लीची ती मावशी. सख्खी मात्र एकाच मुलीची, आणि ती एकुलती एक भाची गेले सात महिने घराबाहेर पडली नव्हती.

भाची एकोणीस वर्षांची. साथीच्या काळात तिची अकरावी-बारावी पडद्यावर गेली. कॅमेरा बंद, आवाज बंद, हजेरीपुरतं नाव चालू. मग साथ ओसरली, कॉलेजं उघडली, जग बाहेर आलं, पण हिचा कॅमेरा काही चालू होईना. चार दिवस कॉलेजात गेली, मग पोट दुखायला लागलं, मग डोकं, मग काहीच दुखत नसताना जाईना. खोलीत बसून ती स्वयंपाकघरातल्या आईला मेसेज करायची, "पाणी". आई पोस्टाच्या काउंटरवरची. दिवसभर लोकांची पाकिटं मार्गी लावायची आणि घरी येऊन लेकीला "आणते" असं टाइप करायची.

मावशीने उपाय केले नव्हते असं नाही. बंद दाराबाहेर उभं राहून तिने ढीगभर सल्ले दिले होते. पहाटे उठ, कोमट पाणी पी, मोबाईल फेकून दे, दोरीच्या उड्या मार. दोरीसुद्धा आणून दिली. भाचीने ती खिडकीत बांधून तिच्यावर मोजे वाळत घातले.

त्याच सुमाराला आरोग्य केंद्रात मनाच्या तक्रारी ऐकणारी बाई यायला लागली. तरणी पोर, पण आवाज असा शांत की समोरच्याला जांभई यावी. ती समुपदेशक होती, डॉक्टर नव्हती, आणि हे तिने मावशीला नऊ वेळा सांगितलं. तरी मावशीसाठी ती डॉक्टरीणबाई. तिच्या दारावर पाटी होती : "साथीनंतर मन ठिकाणावर नसेल तर अवश्य भेटा." महिनाभर कुणी भेटलं नाही. मन ठिकाणावर नाही हे चारचौघांत सांगत बाकावर कोण बसणार? तेव्हा तिने ठरवलं, लोक जिथे न विचारता बोलतात, तिथल्यांनाच ऐकायला शिकवायचं. म्हणून सलूनवाले काका, ब्लाउज शिवणारी बाई आणि मावशी यांना दोन शनिवार बोलावणं आलं.

मावशी गेली ती वेगळाच बेत मनात धरून.

"डॉक्टरीणबाई, शिकते मी सगळं. फक्त माझ्या भाचीला उचलून आणायला दोन दणकट माणसं द्या."

"मावशी, ओढून कुणालाच आणायचं नाही. तिने स्वतः यायचं म्हटलं, तरच."

"ती स्वतःहून पाणीसुद्धा पीत नाही हो!"

"तरीही."

नियम तीनच होते. सल्ला द्यायचा नाही. 'माझं तर याहून वाईट झालं' असं म्हणायचं नाही. आणि समोरचं माणूस गप्प झालं तर आपणही गप्प बसायचं. शेवटी हातात केंद्राचं कार्ड द्यायचं, बस्स.

"मग मी करायचं काय?" मावशीने विचारलं.

"ऐकायचं."

"ते झालं. त्याशिवाय?"

सराव म्हणून सलूनवाल्या काकांना दुःखी माणसाचं काम दिलं. काका रंगात आले. भाऊ बोलत नाही, झोप लागत नाही, घास घशाखाली उतरत नाही. डोळ्यांत पाणीबिणी आणलं. मावशीने चार मिनिटं कळ काढली, लालबुंद झाली, आणि फुटली, "अहो, मग लावा की त्या भावाला फोन! वाट कसली बघताय?"

काका दचकले. "मावशी, मला भाऊच नाही."

पण मावशी जिद्दीची. सोमवारपासून तिने तोंडाला कुलूप घातलं. अडचण एवढीच, की सव्वीस वर्षं तिची जीभ आणि तिचा हात भागीदारीत चालत आले होते. जीभ सुरू असली की हात बेताने चालायचा. आता जीभ अडकवून ठेवल्यावर तिचा सगळा जोर दंडातून खाली कात्रीत उतरला.

पहिली आली बँकेतली बाई. "नुसती टोकं काढा, दोन बोटं," म्हणाली आणि बोलायला लागली. साथ जाऊन इतके दिवस झाले, तरी ती दुकानातून आलेली प्रत्येक वस्तू साबणाने धुते.

'पावसुद्धा?' असं मावशीच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं. कच्च.

"पावसुद्धा," बाई स्वतःच म्हणाली. "आणि हे ऑफिसातून आले की कपडे दाराबाहेरच काढायला लावते. परवा नेमकी शेजारीण जिना चढत होती."

कच्च, कच्च.

"ते काही बोलत नाहीत हो. पण आता उशिरा घरी येतात."

यावर मावशीकडे कमीत कमी सहा सल्ले होते. सहाही कात्रीतून गेले. बाईने आरशात पाहिलं तेव्हा कमरेपर्यंतचे केस खांद्यावर आले होते.

"मावशी! हे काय?"

"ऐकत होते मी."

बाईने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. रडली, मग हसली. "खूप हलकं वाटतंय."

"वाटणारच, हातभर गेलेत," मावशी म्हणाली आणि तिने कार्ड पुढे केलं.

ही बातमी गल्लीत पसरायला दोन दिवस पुरले. बायका एकमेकींना बघूनच हिशोब लावायला लागल्या. ही नुसती टोकांपर्यंत बोलली. ती खांद्यापर्यंत. शाळेतल्या गणिताच्या बाई, दोन वर्षं पडद्यावरच्या बंद चौकोनांना पाढे शिकवून आलेल्या, त्या थेट कानांपर्यंत बोलल्या. विरळ केसांच्या बायका मुद्द्यावर येऊन बोलू लागल्या. एकीने तर यादी करून आणली. एक सासू बॉबकट करून घरी गेली, तर सून धसक्याने दोन दिवस माहेरी. "एवढं काय सांगितलं असेल माझ्याबद्दल?"

गंमत म्हणजे त्या सगळ्या कार्ड घेऊन खरंच केंद्रात जायला लागल्या. पुढच्या बुधवारी डॉक्टरीणबाई पार्लरच्या दारात उभी.

"मावशी, माझ्या बाकावर आज सहा जणी होत्या. मला वाटलं, एकाच घरातल्या आहेत. कात्री खाली ठेवून ऐका ना."

"हात रिकामा राहिला की तोंड उघडतं हो माझं."

"मग टॉवेलच्या घड्या घाला."

ते मात्र जमलं. तीन गिऱ्हाइकं मावशीने टॉवेलांवर निभावली. चौथी आली ती ताई, तिची सख्खी थोरली बहीण, भाचीची आई. अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

"मला फक्त वेणी घालून दे," असं म्हणत ताई खुर्चीत बसली आणि तिचा बांधच फुटला. कॉलेजातून पत्र आलंय, या महिन्यात आली नाही तर वर्ष जाईल. "मी तिच्या दाराशी उभी राहते गं. वाजवत नाही. उघडलंच तिने, तर काय बोलायचं, हेच मला सुचत नाही."

मावशीने सगळ्या टॉवेलांच्या घड्या घातल्या. मोडल्या. परत घातल्या. पण ताईपुढे टॉवेल कमी पडले. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर निभावलं असतं. इथे प्रत्येक वाक्यावर तिच्याकडे तयार उत्तर होतं. हात कात्रीकडे कधी गेला तिलाही कळलं नाही. ताई घरी गेली ती शाळकरी मुलासारखी दिसत होती.

अर्ध्या तासाने मावशीचा फोन वाजला. भाचीचा मेसेज. "आईला काय केलंस?"

मावशी घाबरीघुबरी होऊन उत्तर जुळवत होती, तोवर दुसरा आला. "मी येतेय."

तिने तो तीनदा वाचला. मग दुसऱ्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "वीज गेलीय, उद्या या."

"अहो, डोक्यावर पंखा फिरतोय!"

"तो सवयीने फिरतोय. उठा."

ताईचं घर दहा मिनिटांवर. भाचीला चाळीस मिनिटं लागली. मावशीला खिडकीतून कोपरा दिसत होता. पोर कोपऱ्यावर आली, वळून परत गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. धावत जाऊन तिला मिठीत उचलून आणावं, असं मावशीच्या मनात आलं. त्याऐवजी ती खुर्चीचा पायपंप दाबत राहिली. खुर्ची वर, खुर्ची खाली. तिसऱ्यांदा पोर आली ती सरळ आतच.

"मी काहीही बोलणार नाहीये," भाची म्हणाली. केस चेहऱ्यावर ओढलेले, नुसतं नाक दिसत होतं. "आईसारखे काप. ती आरशापुढे उभी राहून हसत होती. किती दिवसांनी हसली."

"बरं."

"आणि विचारू नकोस काही."

"बरं."

समोरचं माणूस गप्प झालं तर आपणही गप्प. मावशीने एका बाजूने सुरुवात केली, जपून, बोटभर बोटभर. भिंतीवरचं घड्याळ बघत तिने अकरा मिनिटं काढली. सव्वीस वर्षांत एवढी शांतता त्या खोलीला माहीत नव्हती. मग तिचा हात थांबला आणि तोंड उघडलं. पण त्यातून सल्ला आलाच नाही.

"साथीत पार्लर पाच महिने बंद होतं ना," मावशी म्हणाली. "मी सगळ्यांना सांगायचे, मस्त आराम चाललाय. खोटं. शटर अर्धं ओढून मी रोज इथे येऊन बसायचे. ते सरावाचं डोकं होतं ना, प्लास्टिकचं, त्याला खुर्चीत ठेवायचे आणि केस कापायचे. विचारायचे, काय म्हणतात मुलं? कुठे दौरा? दीड महिन्यात तिचे केस संपले."

भाचीचं नाक आरशात जरा वर झालं. "मग?"

"मग काय, टकलीशी बोलत बसले. अजूनही गिऱ्हाईक खोकलं ना, की माझे हात गार पडतात. म्हणून रेडिओ मोठा लावते. आणि तुझ्या दाराबाहेर मी एवढी बडबड करते, ती तुला कळावं म्हणून नाही गं. आतून काहीच आवाज आला नाही की मला भीती वाटते."

भाचीने सल्ला दिला नाही. 'माझं तर याहून वाईट' असंही म्हणाली नाही. कुठलंही शिक्षण न घेता तिने तिन्ही नियम पाळले. ती खुर्चीतून उठली, मावशीच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिला खुर्चीत बसवलं.

"त्या डोक्याचं पूर्ण टक्कल?"

"पूर्ण."

भाचीचे खांदे हलायला लागले. मावशीला वाटलं, रडतेय. ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती, म्हणजे तेही चाललंच होतं.

"मावशी, ते कार्ड असतं ना तुझ्याकडे? तुलाच गरज आहे त्याची."

"मला? अगं, मी तिथे शिकलेय!"

"दिसतंय ते. चल, आत्ताच. मी येते सोबत, एकटीला तुला नाही जमायचं."

मावशी उठली. बोलली तर बिघडेल, म्हणून तिने दोन्ही ओठ दातांखाली दाबून धरले आणि शटर ओढलं. रस्त्यात कळलं, पोरीचे केस एका बाजूने कानापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने कोपरापर्यंत आहेत. सांगावं की नको? न सांगता ती तिच्या आखूड बाजूने चालत राहिली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना लांब बाजूच दिसावी. भाची मात्र तिचा दंड असा घट्ट धरून होती, की हाताला मुंग्या आल्या.

केंद्रातल्या बाकावर आखूड केसांच्या दोघी बसल्या होत्या. त्यांनी भाचीला निरखून पाहिलं. "अर्धंच बोललेली दिसतेय," एक दुसरीच्या कानात म्हणाली.

त्या दोघी आत जाऊन आल्या. दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आली, "कोण येतंय आता?"

मावशी पदर सावरून उभी राहिली. मागून भाचीने तो ओढला.

"थांब. आधी मी जाते. तू आत गेलीस की यांची घरी जायची वेळ होईल."

डॉक्टरीणबाईने मावशीकडे पाहिलं. मावशीने छताकडे पाहिलं. दार लागलं.

दार पातळ होतं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग भाचीचं बारीक "हं", मग एक लांब वाक्य सुरू झालं. बाक दाराला लागूनच होता. मावशी क्षणभर बसली, आणि चटका बसल्यासारखी उठून पार दुसऱ्या टोकाला गेली, जिथे बाळांना इंजेक्शनं देत होते. तीन बाळं एका वेळी भोकाड पसरून रडत होती. कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. तिला फार बरं वाटलं.

"तुमचं कोण आहे?" बाळाला थोपटत एका आईने ओरडून विचारलं.

"भाची!"

"काय झालंय तिला?"

मावशीने तोंड उघडलं. सगळं माहीत होतं तिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"तीच सांगतेय," ती ओरडून म्हणाली, आणि बाळाचे पाय धरायला पुढे सरकली.