उलटा माळ

"समोर आहे ते काढ, मनातलं काढू नकोस." नगरकडच्या कर्जतच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला बसलेल्या प्रत्येक मुलीने हे वाक्य इंदू निसळबाईंच्या तोंडून ऐकलं होतं, आणि बहुतेकींना त्यासोबत फूटपट्टीचा प्रसादही मिळाला होता. चुकीचं चित्र इंदूला सहनच होत नसे. नवऱ्याच्या बाबतीतही तिने असाच काटेकोरपणा केला असावा, कारण चाळिशी आली तरी ती थोरल्या भावाच्या, हेमचंद्राच्या घरी होती. त्याचं गावाला जितकं वाईट वाटे, तितकं तिला स्वतःला कधी वाटलं नाही.

हेमचंद्राचा छापखाना होता. छापखाना म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत पायाने चालवायचं एक यंत्र, शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या पेट्या आणि शाईचा वास. लग्नपत्रिका आणि जत्रेची हँडबिलं यांवर दोघांचं नीट चाललं होतं. माळढोक मध्ये आला तो इंदूमुळे.

गावापासून पाच-सहा मैलांवरच्या माळावर ती सुट्टीत रेखाटनं करायला जाई. तिथे तिने तो पक्षी पाहिला. माणसाच्या कमरेला लागेल एवढा उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. श्रावणात नर एका उंचवट्यावर येऊन उभा राही, गळ्याची पिशवी फुगवी आणि रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा आवाज काढी. दरवर्षी तोच उंचवटा. मादी वर्षाला एकच अंडं घालणार, तेही उघड्या जमिनीवर. असल्या पक्ष्याने जगावं तरी कसं? मेंढरांच्या पायाखाली अंडी जात, कुत्री पिल्लं नेत, आणि जीपवाले शिकारी तर होतेच. कायदा होता, पण तो नगरला कागदावर होता. माळावर त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणून तिने कार्डं काढायला घेतली. लिनोच्या जाड, मऊ तुकड्यावर चित्र कोरून ठसा करायचा, हेमचंद्राने ते यंत्रावर छापायचं, मागे छापखान्याचा पत्ता घालायचा आणि पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांना टपालाने पाठवायचं. आलेल्या पैशांतून सूर्यभानला पगार द्यायचा. सूर्यभान हा त्या माळावर मेंढरं चारणारा पन्नाशीचा गडी. पगार सुरू झाल्यावर त्याने मेंढरं भावाच्या कळपात सोडली आणि दिवसभर घोंगडी पांघरून माळढोक राखू लागला. दोन वर्षांत एक अंडं फुटलं नाही की एक फासा लागला नाही. पक्षी त्याला इतका सरावला, की तो पंधरा पावलांवरून गेला तरी मान वळवत नसे.

पहिलं कार्ड इंदूने मोठ्या कौतुकाने सूर्यभानला दाखवलं. त्याने ते जवळ धरून, लांब धरून पाहिलं.

"पाखरू झ्याक काढलंय, बाई. पर ह्यो माळ कुठला म्हनायचा? आपला बिरोबा डाव्या अंगाला हाय. तुमी त्याला उजवीकडं बसवलाय. हिवराचं झाडबी फिरलंय की!"

इंदूचा चेहरा पडला. ठशावर जसं कोरावं त्याच्या उलट कागदावर उमटतं, हे ती मुलींना दर वर्षी शिकवत असे. आणि स्वतः मात्र रेखाटन जसंच्या तसं कोरून मोकळी झाली होती!

"अगं, पुण्याच्या लोकांना काय कळतंय?" हेमचंद्र म्हणाला. "पाचशे छापून झालीत, निम्मी टपालात गेलीसुद्धा. देऊळ इकडे काय नि तिकडे काय."

"मला कळतंय ना, दादा."

तिने आठ दिवस बसून नवा ठसा कोरला. या वेळी रेखाटन उलटं करून घेतलं. पहिली प्रत वाळल्यावर ती माळावर घेऊन गेली, आणि ज्या दगडावर बसून चित्र काढलं होतं तिथे उभी राहून कार्ड डोळ्यांसमोर धरलं. डोंगराची खाच बरोबर देवळाच्या माथ्यावर. उजवीकडे हिवर. मधोमध उंचवटा. एक रेघ इकडची तिकडे नव्हती.

"आता कसं!" सूर्यभान खूश झाला. "ह्ये बघून परका मानूसबी नीट हितं यील."

एवढी शाबासकी इंदूला चित्रांची बक्षिसं मिळाली तेव्हाही कुणी दिली नव्हती.

मग बहात्तर साल आलं. पाऊस आलाच नाही. लग्नं पुढे ढकलली गेली, पत्रिकांचं काम आटलं, आणि गंमत म्हणजे माळढोकाच्या कार्डांनीच छापखाना तगवला. निम्मा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई आणि तिथे मिळणारी सुकडी खाई. सूर्यभानची बायको भीमाबाईही जाई. सूर्यभान तेवढा माळावर होता, कारण हिरवं पान नसतानाही नर श्रावणात आपल्या उंचवट्यावर येऊन उभा राहिला होता.

त्याच श्रावणातल्या एका शनिवारी छापखान्यापुढे जीप थांबली. कडक इस्त्रीचे कपडे घातलेले एक साहेब आत आले. त्यांनी पन्नास कार्डं घेतली, चित्राची तोंड भरून स्तुती केली, आणि खिशातून एक जुनं कार्ड काढून नव्याशेजारी ठेवलं.

"बाई, हे तुमचंच पहिलं. गेल्या वर्षी हा देखावा शोधत आम्ही दोन दिवस फिरलो, काही केल्या सापडेना. आणि नव्या कार्डात तर देऊळ दुसऱ्या बाजूला. यातलं खरं कुठलं?"

"माळ कुठला, ते मी सांगणार नाही," इंदू म्हणाली. ती काही दूधखुळी नव्हती.

"सांगूच नका," साहेब हसले. "मी चित्राचं विचारतोय. चित्रकार मनाने काढतात, नाही का? देऊळ आवडलं म्हणून घातलं, झाड शोभलं म्हणून लावलं."

मनाने! इंदूच्या कपाळाची शीर उठली.

"मी मनाने काढत नाही. पहिलं चुकलं होतं. हे नवं बरोबर आहे. यातला दगडसुद्धा जिथल्या तिथे आहे."

"वा," साहेब म्हणाले, आणि पन्नास कार्डं बगलेत मारून निघून गेले. आपण माळाचा ठावठिकाणा सांगितला नाही, याचं इंदूला दिवसभर समाधान वाटत राहिलं.

सोमवारी सकाळी सूर्यभान छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. हातात एक कार्ड होतं, धुळीने माखलेलं.

"गेलं, बाई. पाखरू गेलं."

इंदू जागची उठली आणि पुन्हा बसली. हेमचंद्राने यंत्रावरचा पाय काढला.

"काल सकाळच्या पारी जीप आली. म्या म्हनलं, वाट चुकले आसतील. एक सायेब उतारला. त्यानं ह्ये कारड डोळ्यांपुढं धरलं. मग जीप जरा डावीकडं घ्याया लावली. पुन्ना कारड धरलं. पुन्ना जरा मागं. डोंगराची खाच देवळावं बसंस्तवर त्यो हालवत हुता. तुमी त्या दिशी धरलं हुतं ना, अगदी तसंच."

"तुम्ही काय केलंत?" इंदूने विचारलं.

"पळालो की! घोंगडी उडवत, बोंबलत पळालो. पाखरानं उडावं म्हून पळालो. पर ते उडलं न्हाई, बाई. त्यानं माझ्याकडं बघितलं. म्या हाय म्हनल्यावर भ्यायचं कशाला? मान फुगवून हुबं ऱ्हायलं. तवर बार झाला."

इंदू त्याच्याबरोबर माळावर गेली. जीपच्या चाकांचे वळसे त्या दगडापाशी येऊन थांबले होते, जिथे बसून तिने चित्र काढलं होतं. उंचवट्यावर पांढरी पिसं होती आणि सुकलेलं रक्त. मुंग्या लागल्या होत्या. तिला रडू आलं नाही. तिला स्वतःची किळस आली, इतकी की तिने तोंड फिरवून घेतलं.

"माद्या?" तिने विचारलं.

"दोन हुत्या. काल दुपारधरनं दिसल्या न्हाईत. नर नसल्यावं हितं कशापायी ऱ्हातील?"

परत आल्यावर तिने त्याचा पगार पुढे केला. त्याने हात मागे घेतला.

"राखायचं काय आता? उद्यापासनं मीबी भीमाच्या जोडीला खडीवं जातो." तो जायला वळला आणि थांबला. "बाई, त्यो पैला कागद हाय का तुमच्याकडं? उलटा छापलेला?"

इंदूने कपाटातून एक काढून दिला. सूर्यभानने तो बराच वेळ पाहिला.

"ह्योच ऱ्हाऊ द्यायला पायजे हुता. चूक मीच काढली."

"सुधारली मी," इंदू म्हणाली. "आणि बरोबर कुठलं, तेही मीच सांगितलं."

ते त्याला कळलं नसावं. त्याने कार्ड घडी न घालता टोपीत ठेवलं आणि तो गेला.

यंत्रावर मुंबईच्या दोनशे कार्डांसाठी ठसा लावलेला होता. हेमचंद्राने तो उतरवून तिच्यासमोर ठेवला. इंदूने कोरणी घेतली. आधी देऊळ तासलं. मग डोंगर, त्याच्या खाचेसकट. मग हिवर, दगड, उंचवटा. हात सरावाचा होता, दहा मिनिटंही लागली नाहीत. तिने ठशाला शाई लावली आणि एक प्रत काढली.

कोऱ्या कागदावर नुसता पक्षी उभा होता, मान फुगवून. तो कुठला, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"छान आलंय गं," हेमचंद्र हळूच म्हणाला.

इंदू त्या दहा मिनिटांच्या कामाकडे बघत बसली. एवढंच तर करायचं होतं, दुसरा ठसा कोरला तेव्हा.