पवित्राचं पहिलं पुस्तक

पवित्राला कॅथलिक व्हावंसं वाटत होतं, पण आधी नीट समजून घ्यायचं होतं. राजाजीनगरच्या चर्चमधल्या फादरनी तिला मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातलं सोपं कन्नड पुस्तक दिलं. “सावकाश वाचा, घाई नाही,” म्हणाले. घरात सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ती ते गादीखाली ठेवून बाळ निजलं की वाचायची.

एके दुपारी चादर बदलताना ते सासूबाई अंबुबाईंच्या हाती लागलं.

“देवाचं पुस्तक आणि त्यावर निजतेस?” अंबुबाईंनी मुखपृष्ठावरचा क्रूस पाहत ते पदरानं पुसून पोथीच्या पाटावर ठेवलं. मग जवळ बसत हळूच म्हणाल्या, “मोठ्यानं वाच गं. माझी सून कुठं निघालीय, मलाही स्वल्प कळू दे.”

पवित्रा पहिल्या धड्यापासून वाचू लागली.