गुडघ्यानं थांबवलेली मालगाडी

"कोणी मानणार नाही, पण तुह्या आजीच्या गुडघ्यानं मालगाडी थांबवली होती," गुलाबराव म्हणाले, आणि नातीची पेन्सिल थांबते का ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहू लागले.

थांबली नाही. साक्षी आर्किटेक्ट, त्यात हट्टी पोट्टी. बीरगांवच्या प्लॉटच्या तोंडाशी, शेजाऱ्याच्या बाजेवर तिनं नकाशा पसरला होता. प्लॉट तरी कसा! रस्त्याकडे रेल्वेच्या डब्याएवढा रुंद, आणि मागं थेट जुन्या मुरमाच्या खदानीत उतरलेला. वरून सोडलेलं लिंबू तळाच्या शेवग्यापाशी पोहोचेपर्यंत त्याचं लोणचं व्हावं! या उतारावर साक्षीनं घर टप्प्याटप्प्यानं बसवलं होतं. रस्त्याला लागून कार, मधे स्वयंपाकघर, आणि अगदी तळाशी आजी-आजोबांची खोली.

"आजोबा, नीचे कितनी शांति है!"

शांतता! जन्म रेल्वेत काढलेल्या माणसाला शांतता म्हणजे रद्द झालेली गाडी. ऐकणारी माणसं सगळी वर, रस्त्यावर. खाली गोष्टी सांगायच्या कोणाला, शेवग्याला? गुलाबरावांना खोली वरच हवी होती. पण कालच चहाच्या टपरीवर ते 'मी अजून धावती गाडी पकडतो' असं सांगून आले होते. तेव्हा पायऱ्यांचं गाऱ्हाणं बायकोच्या नावावर घालणंच बरं.

"धुकं असं, का आपलाच हात दिसे ना. अशा वक्ती आम्ही रुळावर फटाके लावतो. ते चाकाखाली वाजले का ड्रायव्हर ब्रेक मारते. तुही आजी फाटकापाशी बसली होती. उठली अन् गुडघा वाजला, कड्डाड्! ड्रायव्हरले वाटलं, फटाका. कोळशाची अख्खी गाडी उभी! गार्ड हात जोडून म्हणे, 'दीदी, गाडी जाऊ द्या, मग उठा.'"

पेन्सिल थांबली. "सच में?"

"हव! अन् अशा बाईले तू खाली धाडून राहिली?"

साक्षीनं खोडरबर उचललं आणि ते नकाशातल्या कारवर टेकवलं. गुलाबराव खुशीत उठायला गेले, पण आधी आधाराला हातानं बाजेचा खूर चाचपावा लागला.

तेवढ्यात शेवग्याच्या शेंगांचा भारा डोक्यावर घेऊन आजी अंजनाबाई तळापासून चढून आल्या. दम म्हणून लागला नव्हता. उतारावर ऐकू आलं होतं सगळं.

"खोड बाई ती कार, तुह्या आजोबाले वरतच ठेव," भारा खाली टाकत त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळल्या. "पण काहून जी, वाजणारे गुडघे माहे, तं रोज सकाळी मी तेल कोणाच्या गुडघ्याले चोळतो?"