दिसले तर पंचाईत, बुडाले तर पंचाईत

मी एक जुनी तबकडी आहे. गाणी वाजवणारी नव्हे आणि आकाशातून उडत येणारीही नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं नाव ऐकून पुष्कळांची निराशा होते. मी पत्र्याची, जेवणाच्या ताटाएवढी. माझ्या अंगाचे चार चतकोर, दोन काळे आणि दोन पांढरे. मधोमध भोक, भोकातून दोरी, दोरीला गाठी, आणि पोटाखाली एक लोखंडी वजन, म्हणजे मी पाण्यावर तरंगत न बसता मुकाट्याने खाली जावं. मित्रांनो, माझं काम बुडण्याचं आहे. ऐकायला विचित्र वाटतं ना? मलाही वाटतं.

एका वर्कशॉपमधल्या फिटरने मला जुन्या पिंपाच्या झाकणातून कापलं. रंग देताना तो स्वतःशीच पुटपुटला, "हे काय, बुद्धिबळाचा पट काढायला घेतला आणि कंटाळा आला?" कशासाठी जन्माला आले हे ना त्याला ठाऊक होतं, ना मला. पुढे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेल्यावर तिथल्या बाईंनी मला हातात घेतलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या मला पाण्यात सोडत. मी जिथे दिसेनाशी होईन तिथली गाठ मोजत. लवकर हरवले तर पाणी गढूळ, उशिरा हरवले तर स्वच्छ. इतकं सोपं काम! मी खूश झाले. पण सोप्या कामातच माणसं कशी गोंधळ घालतात, ते पुढे सांगते.

बाईंच्या गल्लीमागे एक तळं होतं. लाँड्रीचं साबणाचं पाणी, घराघरांतल्या मोऱ्या, खानावळीचं खरकटं, सगळं त्यातच जायचं. मी दुसऱ्या गाठीलाच गडप व्हायचे. बाईंच्या जिवाला एकच घोर लागला होता. हे पाणी सोडणं थांबलं नाही तर तळं मरणार. म्हणून त्या गल्लीतल्या लोकांना जमवून भाषणं देत. भाषणात 'विरघळलेला प्राणवायू' आला की लाँड्रीवाले काका पेंगायला लागत. त्यांची नात खुर्चीखाली वाकून चपला शोधू लागे. मी टेबलावर पडल्या पडल्या हे बघत असे आणि मला बाईंची फार कीव येई.

एकदा बाईंचे धाकटे दीर त्यांना घ्यायला आले. ते मुलांच्या नाटकांत कामं करत. बहुतेक वेळा सिंहाचं. शेवटच्या रांगेत बसून त्यांनी सगळं भाषण ऐकलं.

"वहिनी, रागावू नका," ते वाटेत म्हणाले, "पण तुमचं बोलणं लोकांच्या डोक्यावरून जातं."

"मग काय करू? नाचून दाखवू?"

"नाचू नका. गोष्ट सांगा. नाहीतर मला सांगू द्या. ही तुमच्या पिशवीतली तबकडी आहे ना, तिलाच नायिका करू."

नायिका! माझ्या पोटाखालचं वजन हललं.

भाऊजींनी माझं नाव ठेवलं बुडीताई. गोष्टीत मी तळ्याची थोरली बहीण होते. भावाच्या पोटात दुखतं म्हणून बघायला मी खाली उतरते, आणि घाणीत वाट चुकते. मग सगळ्या मुलांनी एका सुरात म्हणायचं:

"निवळू दे, निवळू दे, तळं माझं निवळू दे!
बुडीताई तळाला, तिथून मला दिसू दे!"

पोरांनी गल्ली डोक्यावर घेतली. गाणं स्वयंपाकघरांत शिरलं, जिन्यांवरून उतरलं, लाँड्रीत इस्त्रीबरोबर फिरू लागलं. वहिनी मात्र जरा घुटमळल्या. (आता सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणत होती, म्हणून मीही तसंच म्हणते.)

"भाऊजी, छान झालंय हो. पण शेवट खटकतो. नितळ पाणी म्हणजे निरोगी पाणी, असं नसतं. थोडा हिरवेपणा हवाच. त्यावर किडे जगतात, किड्यांवर मासे."

"वहिनी, एका गोष्टीत एकच गोष्ट मावते. दुसरी कोंबली की दोन्ही सांडतात."

वहिनी हसल्या. मुद्दा तिथेच राहिला.

आणि खरं सांगायचं तर गोष्टीने काम केलं. जे भाषणांनी जमलं नव्हतं ते झालं. काकांनी लाँड्रीचं पाणी मोठ्या गटाराकडे वळवलं. खानावळवाल्याने खरकट्यासाठी पिंप ठेवलं. मी तिसऱ्या गाठीपर्यंत दिसू लागले, मग चौथ्या. लोक जाता-येता विचारत, "काय, बुडीताई आज कितवीला?" जणू मी शाळेतच जात होते. तळ्यात मासे वाढले. काकांची नात रोज पावाचे तुकडे टाकायची. एका मिशीवाल्या माशाचं नाव तिने मिशाळू ठेवलं होतं.

पण चौथ्या गाठीला माझं घोडं अडलं. पाणी पुढे निवळेना. वहिनी म्हणाल्या, "अडू दे, चांगलं चाललंय." लोकांना ते पटेना. गोष्टीत तर मी तळापर्यंत दिसायला हवी होते!

तेवढ्यात वहिनी कामासाठी बाहेरगावी गेल्या. मी भाऊजींच्या पिशवीत होते. लाँड्रीत गप्पा रंगल्या होत्या.

"निवळायचंय ना पाणी?" काका म्हणाले. "मग त्यात एवढं काय? घरात पिंपातलं पाणी आपण कशाने निवळवतो?"

"तुरटीने!" नात म्हणाली.

सगळे एकमेकांकडे बघतच राहिले. इतकी साधी गोष्ट आजवर सुचली कशी नाही? भाऊजींनी तर मांडीवर थाप मारली. "वहिनींना चकितच करू!"

सुट्टीच्या सकाळी सगळी गल्ली तळ्यावर लोटली. कोणी वाटीभर तुरटी आणली, कोणी बादलीभर. काकांनी तर गोण्याच आणल्या. मुलं गात होती, मोठी माणसं तुरटी फोडून पाण्यात टाकत होती. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मला पाण्यात सोडलं. मित्रांनो, मी खाली गेले, आणखी खाली गेले, आणि थेट तळाला टेकले. वर बघितलं तर सगळे चेहरे स्वच्छ दिसत होते. त्यांनाही मी दिसत होते. काय त्या टाळ्या! काकांनी डोळे पुसले. मला वाटलं, गोष्ट संपली, आता मला खिळ्याला टांगून विश्रांती देतील.

एकच कळेना. एरवी मी खाली उतरले की लहान मासे माझ्या दोरीला टोचून जायचे. त्या दिवशी कोणीच आलं नाही.

वहिनी संध्याकाळी परतल्या त्या तळ्यावरच आल्या. पाणी बघून हसतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा मात्र उतरला.

"भाऊजी, पाण्यात काय टाकलंत?"

"तुरटी. निवळायला."

वहिनींनी पाण्यात कागदाची पट्टी बुडवली, तिचा बदललेला रंग बघितला आणि कपाळाला हात लावला. "पाणी आंबट झालंय. पिंपात चिमूटभर चालते हो. इतकी टाकल्यावर माशांच्या कल्ल्यांना सोसवत नाही."

सकाळी मासे कुशीवर तरंगत होते. काकांची नात मिशाळूला ओळखून काठावर बसली. तिने पाण्यात वाकून माझ्याकडे बघितलं. काल मला वर ओढायचंच सगळे विसरले होते.

"बुडीताई दिसतेय की अजून," ती म्हणाली. "मग हा का मेला?"

मी तर हबकूनच गेले. दिसणं म्हणजे चांगलं, असंच ना मला आयुष्यभर शिकवलं होतं? आयुष्यात इतकी स्पष्ट मी कधीच दिसले नव्हते, आणि त्या दिवशी मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटत होतं.

लोक चिडले. "तुमच्याच गोष्टीत होतं!" असं वहिनींना तोंडावर बोलले. नातीने कानांवर हात ठेवून सांगितलं, "ती गोष्ट खोटी आहे. मला पुन्हा ऐकायची नाही." ते वाक्य वहिनींना सगळ्यांत जास्त लागलं.

भाऊजी म्हणाले, "चुकलंच माझं, वहिनी. मी आपला सिंहच बरा."

"सिंह नंतर व्हा. आपण गोष्ट अर्धी सांगितली. उरलेली सांगायला नको?"

"कोणी ऐकेल का आता?"

"माहीत नाही."

वहिनींनी काठावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं की काय झालं आणि का झालं. आंबटपणा मारायला थोडा थोडा चुना कालवून सोडायचा, रोज तपासायचं, असं ठरलं. काकांनी भुवया चढवल्या. "म्हणजे चुन्याची निवळी? पुन्हा निवळीच?" त्यांचंही बरोबर होतं. निवळून बिघडलेलं निवळीने सुधारायचं, हे माझ्या तर डोक्यावरूनच गेलं. पण तेच कालवायला पहिले पुढे आले ते काकाच.

मग नुसती वाट बघणं आलं. वाट बघण्याची गोष्ट कोणाला आवडत नाही. लोक पांगले. मी खिळ्याला टांगलेली राहिले, कडेने गंजले, एका पांढऱ्या चतकोराचे पोपडे निघाले. तळं हळूहळू हिरवं होऊ लागलं. हे बरं की वाईट, मला कोण सांगणार?

पुष्कळ दिवसांनी भाऊजींनी मला उतरवलं. काठावर मोजकीच मुलं होती. नातही आली होती, पण लांब उभी होती. मी तिसऱ्या गाठीला दिसेनाशी झाले. वरून तिचाच आवाज आला. "हरवली. आता टाळ्या वाजवायच्या की रडायचं?"

भाऊजींनी वहिनींकडे बघितलं असावं.

"मलाही अजून नक्की सांगता येत नाही, बाळ," वहिनी म्हणाल्या. "जरा थांबून बघूया."

गोष्टीत असं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं. मग माझ्या दोरीवरची पकड बदलली. आता बोटं लहान होती.

"मग मी धरते," ती म्हणाली.

आणि खाली, जिथे मी कोणालाच दिसत नव्हते, तिथे माझ्या पोपडे निघालेल्या चतकोराला काहीतरी हळूच टोचलं. मग पुन्हा. मग दोरीला. ओरडून सांगावंसं वाटलं, पण तबकडीला तोंड कुठलं? दोरी मात्र जराशी थरथरली.

"वहिनी!" वरून कुजबुज आली. "काहीतरी आहे. दिसत नाहीये, पण आहे!"

मित्रांनो, दिसावं की बुडावं, हे मला आजही नीट उमगलेलं नाही. तुम्हाला उमगलं तर सांगा. पण मला पाण्यात सोडाल तेव्हा, मी दिसो वा न दिसो, लगेच निकाल लावून निघून जाऊ नका. दोरी थोडा वेळ हातात धरून ठेवा.