महाराजांची गाडी का किंचाळली?

पारावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध माझ्या भावाची, हितेंद्रची मोटरसायकल. हँडलला झेंडूचा हार आणि पुढच्या चाकाशी मांडी ठोकून बसलेले चक्रानंद महाराज! त्यांनी मंतरलेल्या तेलात बोटं बुडवली, चाकातली ब्रेकची चकती दोन्हीकडून माखली आणि डोळे गरागरा फिरवले.

"ओम् चाकाय नमः! निघ बाई, निघ! चाक सोड, टाकी सोड, केळीच्या बागेतून सरळ निघ!"

हितेंद्रने गाडीवर बसून ती पायांनी ढकलत नेली, पुढचा ब्रेक दाबला. चिडीचूप!

"गेली व माय, गेली!" शेजारच्या लताबाईंनी हात जोडले.

कोण गेली? तर यावलकडून येताना निंबाच्या वळणावर गाड्या किंचाळतात. तिथे मेलेली एक बाई चाकाला लटकते म्हणे. आता वळणावर सगळेच ब्रेक दाबतात, तर ब्रेक तिथेच ओरडणार ना? पण नववीतल्या पोरीला विचारतं कोण!

मी मात्र टक लावून बघत होते. हितेंद्रने ब्रेक दाबला, आवाज आला नाही, हे खरं. पण चाकही थांबलं नाही! गाडी चांगली दोन-तीन पावलं पुढे गेली आणि त्याने पाय टेकवले तेव्हा कुठे उभी राहिली. हे कुणालाच दिसलं नाही?

"चाल आई, बस," हितेंद्र म्हणाला. "मावशीकडे जेवायलेच पोचू."

मावशीचं गाव सातपुड्यात. वाटेत घाट, एका बाजूला दरी. आईने पदर खोचून मागच्या सीटवर हात ठेवला, तशी मी ओरडले.

"आई, बसू नको! ब्रेक लागत नाहीये!"

"चारू, गप वं! चारचौघात काय बोलते?"

"तू दाबून धर रे पुढचा ब्रेक," मी हितेंद्रला म्हटलं, "आणि पाय उचल." मी मागून जोर लावला. गाडी लोण्यावरून घसरावी तशी निघाली. हितेंद्रचा चेहरा उतरला.

महाराज कडाडले, "कन्ये! बाधा गेली म्हणून चाक हलकं झालं!"

"मग महाराज, पुढचाच ब्रेक धरून तुम्ही हा उतार उतरून दाखवा ना."

"आज आमचं व्रत आहे. वाहनाला स्पर्श वर्ज्य."

"अन् सकाळी काय ढगावर बसून आलते का?" मागून म्हातारे पितांबरआबा बोलले. सगळा पार खदाखदा हसला.

महाराजांची गाडी चिंचेखाली उभी होती. मी तिथे पळाले, स्टँड काढला, दोन पावलं ढकलली आणि पुढचा ब्रेक दाबला.

किंऽऽऽच!

गाडी जागच्या जागी गच्च. पारावरचे सगळे वळून बघू लागले.

"महाराज, तुमच्या चाकाला पण बाई लटकली आहे," मी म्हटलं. "तिला का नाही हो तेल लावलं?"

महाराजांना एकदम पुढच्या गावचा कार्यक्रम आठवला. वाहनाला स्पर्श वर्ज्य होता, तरी पहिल्याच किकला गाडी चालू केली.

मग मी पारावर चढूनच सांगितलं. ब्रेकचे दोन पॅड चकतीला चिमटीत धरतात. त्या घर्षणाने चाक थांबतं. धुळीने आणि तापून पॅड गुळगुळीत झाले की पकडताना थरथरतात. ती थरथर म्हणजेच किंकाळी! तेल लावलं की आवाज जातो, कारण पकडच जाते. आधी गाडी ओरडत होती, पण थांबत तरी होती.

हितेंद्रने यावलला गाडी चालवत नाही, टेम्पोत घालून नेली. तेल प्यायलेले पॅड फेकून नवे बसवले, चकती स्वच्छ करून घेतली. आवाज गेला, ब्रेकही लागला. आणि साधी किंकाळी असेल, तर पॅड काढून पॉलिश पेपरने घासले तरी बहुतेक वेळा भागतं, असं गॅरेजवाल्याने सांगितलं. झिजले असतील तर मात्र बदलायचे.

आई दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेली. बसताना हितेंद्रला म्हणाली, "आधी चारूले ब्रेक पाहू दे."

तर मंडळी, उद्या कुणी तुमच्या गाडीला, गाईला नाहीतर लेकराला मंतरलेलं काही लावायला आला, तर भक्ती बाजूला ठेवा आणि एक प्रश्न विचारा: हे तुम्ही स्वतःला लावता का?